धवलारणीच्या सुनेचा कान

पनवेलच्या खाडीकाठच्या आगरी गावांत भटजी मिळाला नाही म्हणून लग्न अडत नसे. धवलारीण मिळाली नाही तर मात्र मांडव नुसता उभा राही. धवलारीण म्हणजे लग्न गाऊन लावणारी बाई. मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला. तो तिने म्हणायचा आणि शेजारी बसलेल्या बाईने ओळ उचलून मागून म्हणायची. गोदू ही अशी धवलारीण होती. लग्नसराईत ती गाई, एरवी नवऱ्याबरोबर, तुळशीरामबरोबर, मिठागरात मिठाच्या पाट्या वाही. यातलं जड काम कोणतं, हे तिला कुणी विचारलं नाही.

धवले तिला सासूकडून मिळाले, आणि त्यांच्याबरोबर एक नियमही मिळाला: लग्नाच्या मांडवाबाहेर धवला तोंडातून काढायचा नाही. घरात म्हटला तर घराला अवदसा येते. अवदसा कशी असते हे सासूने सांगितलं नव्हतं, त्यामुळे नियम मोडायची सोयच नव्हती. शिकायचं तर लग्नात बसून शिकायचं, तेही कानाने. लिहिता-वाचता येणारं त्या घरात कुणी नव्हतं. गोदूला सगळे धवले यायला अर्धं आयुष्य गेलं होतं.

तिच्या मुलाची, भगवानची, बायको शकू नेऱ्याकडची, डोंगराखालची. तिला निवटी आणि बोय या माशांतला फरक कळत नसे, म्हणून बायका तिला हसत. पण पहिल्याच लग्नात तिने सासूमागून ओळ उचलली आणि बायका हसायच्या थांबल्या. गोदू घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मासं कापायला शिकवा तिला कोनतरी. गायचं मी बघते." तिच्या तोंडून सुनेचं याहून जास्त कौतुक कुणी ऐकलं नाही. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती, तेव्हापर्यंत शकूला मांडवाचे आणि हळदीचे धवले पाठ झाले होते. राहिले होते पाठवणीचे. तेच सगळ्यांत लांब आणि कठीण.

त्या वर्षी माघात शकूला सर्दी झाली आणि पाठोपाठ कान दुखू लागला.

"आये, कानात कोन घन मारतंय."

"मारू दे. तेल घालते, मंग बघू किती मारतंय."

दुखऱ्या कानाला गावात पाच-सहा औषधं होती आणि एक सोडलं तर सगळी कानात ओतायची होती. गोदूने खोबरेलात लसूण कडवून ते कोमट करून घातलं. शेजारच्या ठमाबाईच्या मांडीवर मूल होतं, तिने अंगावरचं दूध पिळलं. न ओतायचं औषध म्हणजे भाजलेल्या मिठाची पुरचुंडी. तिने शेकलं की शकूला थोडा वेळ बरं वाटे. मग एका सकाळी उशी ओली झालेली दिसली, पिवळी आणि घाण वासाची. दुखणं मात्र पार थांबलं होतं. गोदूने देवाला नारळ फोडला.

तुळशीरामाला त्या वासावर भरवसा वाटला नाही. बाजाराच्या दिवशी तो सुनेला पनवेलला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं.

"पडद्याला भोक पडलंय. आतला पू बाहेर आला, दाब कमी झाला, म्हणून दुखायचं थांबलं. बरं झालं असं समजू नका."

"भोक बुजंल?"

"कान कोरडा राहिला तर बुजेल. तेल नाही, दूध नाही, अंघोळीचं पाणीसुद्धा जाऊ द्यायचं नाही. शेकायचं तर बाहेरून शेका. काही दिवस रोज सुईला या. आणि कानामागे सूज आली, ताप आला, चक्कर आली, तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नको."

तुळशीरामाने घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"रोज पनवेल? लग्नं तोंडावर आली," गोदू म्हणाली.

"एक साल नाय गायली तर काय बिघडलं?"

"मी काय दर साल गाईन? माझा दम बघितला हाय तू?"

"डाक्टर म्हनला, तेल नको."

"डाक्टरानं कदी मांडवात बसून गायलंय?"

"नाय. पन त्याच्या उशीला पू बी नाय लागत."

गोदू शकूकडे वळली. "तुला काय वाटतं गो?"

शकू म्हणाली, "दुखत नाय आता. पाठवनीचं ऱ्हायलंय माझं." सासूला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती हे खरं, पण शकूला नाही म्हणायचंही नव्हतं. हे गोदूला ठाऊक होतं. पुढे तेच तिला सर्वांत जास्त टोचलं.

सुया दोनच झाल्या. मग लग्नं लागली. वाजंत्र्यांच्या आवाजाने कान पुन्हा ठणकू लागला, तेव्हा गोदू मांडवात बसण्यापूर्वी त्यात तेलाचे थेंब सोडी आणि वर कापूस दाबी. कानामागे गाठीसारखं सुजलं, तर शकूने त्यावर पदर ओढला. नवी सून पदर ओढून बसली की लोक तिला सोज्वळ म्हणतात, तसे म्हणालेही. पाठवणीच्या धवल्याच्या वेळी ती गोदूच्या शेजारून उठली, कुडाला धरून दोन पावलं गेली आणि पडली. अंग तव्यासारखं तापलं होतं.

मिठाच्या लॉरीतून तिला पनवेलला नेलं. डॉक्टरांनी गाठ पाहिली, कुणावर रागावले नाहीत, आणि लगेच मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कानामागचं हाड कोरलं. पू तोवर मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. शकू वाचली. वाचणं कठीण होतं, असं तिथल्या नर्सने भगवानला सांगितलं. पण त्यात चांगला कानही गेला होता; दोन्ही कानांनी तिला आता ऐकू येणार नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही. गोदू तिला भेटायला गेली आणि खाटेच्या मागच्या बाजूने तिने हाक मारली, तेवढ्याने कळलं.

घरी आणल्यावर गोदूने सासूचा नियम मोडला. भर दुपारी, चुलीपुढे, शकूची हनुवटी आपल्याकडे वळवून ती पाठवणीचा धवला म्हणू लागली. शकू तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"आये, तोंड हालताना दिसतंय," ती म्हणाली. स्वतःचा आवाज कळत नसल्याने ती आता ओरडल्यासारखी बोले. "पन चाल कशी बघू?"

गोदूने बरेच दिवस प्रयत्न केला. अवदसा काही आली नाही. बहुधा तिला यायला उशीर झाला होता.

गावातल्या बायका कान दुखणारी पोरं घेऊन सवयीने गोदूकडे येत. ती तेलाच्या वाटीला हात लावत नसे. "शेकव बाहेरून आनि पनवेलला ने," एवढं बोलून आत जाई. धवलारणीला गर्व चढला, असं गावात ठरलं. गोदूने ते ठरू दिलं.

शकू लग्नांना जात राहिली. ती सासूशेजारी बसे, ओठ न हलवता. दुसऱ्या बाया ओळ उचलत, अर्धी सोडत, हसत. त्यांतली एकही टिकली नाही.

मग गावातल्या बळीरामच्या मुलीचं, मालूचं, लग्न आलं. पाठवणीची वेळ झाली. गोदूने धवला सुरू केला. दम लागत होता, पहिल्या ओळीनंतर ती थांबली. शकूने तिच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ थांबलेले पाहिले, आणि तिला वाटलं की आपली वेळ आली. तिने गायला सुरुवात केली. हळदीचा धवला, कारण पाठवणीचा तिला शिकताच आला नव्हता. आवाज मोठा होता, सूर कुठेच नव्हता, शब्द मात्र एकही चुकला नाही.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मालूची आई डोळे पुसायची थांबली. एक जण शकूच्या खांद्याला हात लावायला पुढे झाली. गोदूने तो हात वरच्या वर धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

शकूची ओळ संपली. गोदूने ती उचलली आणि मागून म्हटली. सगळं आयुष्य पुढे गायलेली बाई सुनेमागून हळदीचा धवला म्हणत राहिली, आणि तोवर मालू अंगणातून बाहेर पडून गाडीत बसलीही होती.