वायसरकाकांची गळकी टोची

गल्लीत त्यांना कुणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. नळ गळतो म्हणून कुणी बोलवायला आलं, की पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच ते म्हणायचे, "वायसर गेला असेल." बहुतेक वेळा वायसरच गेलेला असायचा. असं करता करता ते वायसरकाका झाले, त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी वायसरकाकू झाल्या, आणि दोघांनी ते नाव हसत पदरात घेतलं.

गळणारं पाणी काकांना सोसत नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि हात धुवायला जाऊन लवकर परतले नाहीत, की घरची बाई समजून जायची, मोरीतल्या नळाशी झटापट चालू असणार. खिशात रुमाल नसेल, पण टेफलॉनच्या पट्टीचं रीळ असायचंच. 'थेंबे थेंबे तळे साचे' असं कुणी म्हणालं, की ते लगेच जोडायचे, "आणि थेंबे थेंबे टाकी रिकामी."

गुडघे कुरकुरायला लागले तशी काकांनी नळदुरुस्तीची कामं कमी केली. नेमक्या त्याच सुमारास काकूंनी मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. कोंबड्या म्हणजे काकूंचा जीव की प्राण. सकाळी देवापुढे हात जोडून झाले, की पहिलं पाणी कोंबड्यांना, मग नवऱ्याला चहा, आणि उरलासुरला स्वतःला. मुक्या जीवाला तहानलेलं ठेवून आपण घोट घेतला तर देवाला काय तोंड दाखवायचं, असं त्यांचं साधं गणित होतं.

पण पाण्याची तऱ्हा विचारू नका. पसरट घमेल्यात पाणी ठेवलं, की एक कोंबडी काठावर चढून ते कलंडवायची, दुसरी पायानं माती उकरून त्यात भरायची, आणि तिसरी त्यात जे करू नये तेच करायची. पितात कमी, सांडतात जास्त. उन्हाळ्यात तर दर थोड्या वेळानं घमेलं विसळा, भरा, परत विसळा. काकू एकदा नात्यातल्या कुणाच्या आजारपणाला म्हणून काकांना घेऊन दिवसभर बाहेर राहिल्या, त्या दिवशी घमेलं सकाळीच उलटलं, आणि संध्याकाळी एक कोंबडी भिंतीच्या सावलीत मान टाकून पडलेली सापडली. तेव्हापासून काकूंनी दुपारच्या पुढे घराबाहेर राहणं सोडलं.

अशात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण, दिवसभराच्या प्रवासावर राहणारी. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती नुकती घरात चालायला लागली होती. "मी हिंडतेफिरते आहे तोवर ये," ती म्हणाली. "पुढे मी अंथरूण धरल्यावर बघायला आलीस तर मी तोंड फिरवून झोपेन." दोघी बहिणी एका छपराखाली राहिल्याला कितीतरी वर्षं झाली होती. काकूंना बस लागते, त्यामुळे काका बरोबर हवेतच. शेजारच्या शिक्षिकाबाई सकाळ-संध्याकाळ दाणे टाकायला आणि अंडी उचलायला आनंदानं तयार होत्या, पण दिवसभर त्या शाळेत. घोडं पाण्यापाशीच अडलं.

"पाण्याची सोय झाली तर जाऊ," काकू म्हणाल्या, "नाहीतर अक्काला कळवते, नाही जमत म्हणून." त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर काकांनी नेहमीप्रमाणे ऐकून सोडून दिलं असतं. पण त्या इतक्या शांतपणे बोलून भांडी घासायला लागल्या, की काका अर्धा चहा तसाच ठेवून मागच्या अंगणात गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हत्यारं काढली. खुराड्याच्या भिंतीला झाकणाची बादली टांगली. गच्चीवरच्या टाकीतून तिला नळी दिली, आत तरंगता गोळा बसवला, म्हणजे बादली उतरली की आपली आपण भरेल. बादलीच्या बुडातून पाइप काढून तो कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर आडवा नेला आणि खालच्या अंगाला भोकं पाडून त्यात पोल्ट्रीवाले वापरतात त्या छोट्या तोट्या बसवल्या. तोटीतून एक बारीक दांडी खाली आलेली असते. कोंबडीनं तिला चोच मारली की पाणी येतं, चोच काढली की बंद. दुकानदार तिला निपल म्हणतो. काकूंना ते चारचौघांत म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यांनी उभ्या उभ्या तिचं बारसं केलं, 'टोची'.

काकांनी प्रत्येक टोचीला पट्टीचे दुप्पट वेढे दिले. मग पाइपाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून ते तपासायला बसले. काही टोच्यांखाली ओले ठिपके उमटले. काकांनी त्या काढल्या, तडक दुकान गाठलं, गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराची हजेरी घेतली आणि बदलून नव्या आणल्या. संध्याकाळी कागद कोरडा ठणठणीत होता. काकांनी तो घडी करून काकूंना दाखवला, एखादं पोर प्रगतिपुस्तक दाखवतं तसा.

सकाळी घमेलं उचलून ठेवलं आणि खुराडं उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या, घमेल्याच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि काकूंच्या तोंडाकडे बघू लागल्या. पाइपाकडे एकीनंही मान वर करून पाहिलं नाही. काकांनी बोटानं टोची दाबून दाखवली, तर पाण्याची चिळकांडी उडाली आणि सगळ्या फडफडत पळाल्या. काकांनी परत दाखवलं, समजावलं, चुचकारलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ऊन चढलं तशा कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागल्या.

शिकतील, जरा दम धर, असं काका म्हणत राहिले. काकूंनी थोडा वेळ दम धरला आणि मग घमेलं भरून आणलं. कोंबड्या त्यावर तुटून पडल्या.

"अगं, अशानं त्या शिकणार कशा?"

"नाही शिकल्या तरी चालेल. मेलेल्या नको आहेत मला."

त्या दिवशी जेवताना दोघांत फक्त मिठाच्या डबीची देवाणघेवाण झाली. काकूंनी फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. काकांना ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या पायरीवर गाल फुगवून बसले होते. काकूंनी नुकतेच कपडे वाळत घातले होते. एका ओल्या पंच्याच्या टोकाला थेंब जमत होता, उन्हात चमकत होता आणि टपकत होता. एक राखाडी कोंबडी त्याच्याखाली येऊन थबकली. तिनं मान तिरकी करून एका डोळ्यानं तो थेंब नीट निरखला आणि उडी मारून टिपला. मग परत तिथंच, पुढच्या थेंबाची वाट बघत. पाहता पाहता आणखी दोघी आल्या.

काकांनी कपाळाला हात लावला. कोंबडीला पाणी दिसलं तर ती चोच मारणार. आणि आपण तर जन्मभराचं कसब पणाला लावून पाणी दिसायची सोयच ठेवली नव्हती! खरं म्हणजे त्यांनी खुराड्याचं नव्हे, एखाद्या साहेबाच्या बंगल्याचं काम केलं होतं.

ते पायात चपला सरकवून दुकानात गेले. परवा दिलेल्या टोच्या अजून आहेत का, असं त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं.

"त्या गळक्या?" दुकानदारानं चष्मा वर केला. "काका, परवा तुम्ही मला इथं भरल्या दुकानात चोर ठरवून गेलात. आता त्यांचं काय?"

"एक परत हवी आहे."

"चांगली देतो ना."

"चांगली नको. सगळ्यात वाईट असेल ती दे."

दुकानदारानं आतल्या पोत्यातून डबा काढला आणि गल्ल्यावरून उठून स्वतः एकेक फुंकून बघितली. वायसरकाका गळका माल मागून नेत आहेत, हे बघायला बाजूचा सायकलवालाही उठून आला. काकांनी मान खाली घालून टोची खिशात टाकली आणि मागं वळून पाहिलं नाही.

घरी येऊन त्यांनी ती मधोमध बसवली. तिच्या टोकाला थेंब धरला, चमकला, पडला. खाली चिखल नको म्हणून खडी पसरली. राखाडी कोंबडी आलीच. तिनं थेंब टिपला, चोच दांडीला लागली आणि आणखी पाणी आलं. तिनं दचकून मागं उडी मारली, मग विचार केला, मग परत मारली चोच. तिचं बघून दुसरी. मधल्या टोचीवर गर्दी झाली, तशी धक्काबुक्कीत मागं पडलेली एक शेजारच्या कोरड्या टोचीला चोच मारून गेली, आणि तिथंही पाणी! दोन-तीन दिवसांत सगळा पाइप टकटक वाजायला लागला, आणि घमेल्याला कुणी विचारीना. फक्त सगळ्यात थोरली, जिला काकू 'सासूबाई' म्हणायच्या, ती गळकीखेरीज दुसऱ्या टोचीला चोच लावायला तयार नव्हती. दुसरीकडे हाकललं तर रुसून कोपऱ्यात बसायची.

म्हणजे गळकी काढायची सोय नव्हती. काका रोज तिच्यासमोरून जाताना पान्याकडे हात न्यायचे. काकू खिडकीतून बघायच्या.

एका भर दुपारी काकू काकांनाही बाहेर पिटाळून, मुद्दाम घर बंद करून मैत्रिणीकडे जाऊन बसल्या. तिथं त्यांचं लक्ष गप्पांत नव्हतं, आणि मैत्रीणही ते ओळखून होती. संध्याकाळी परतल्या तेव्हा कोंबड्या सावलीत निवांत पंख पसरून माती अंगावर घेत होत्या. सासूबाई गळक्या टोचीखाली उभ्या होत्या. काकूंनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि तिथूनच अक्काला फोन केला. येतो आहोत, दोघंही, असं त्यांनी सांगितलं.

"कोंबड्यांना विचारलंस का?" अक्कानं विचारलं.

"विचारलं. जा म्हणाल्या."

पलीकडून अक्का इतकी हसली, की गुडघा दुखला म्हणून तिला खाली बसावं लागलं.

निघायच्या सकाळी काकू पिशव्या घेऊन दारात उभ्या, आणि काका मागच्या अंगणात. टाकी भरलेली, गोळा तरंगतो आहे, खडी जागेवर, सगळं दोनदा बघून झालेलं. तरी पाय निघेना. तो थेंब त्यांच्या डोळ्यांसमोर जमला, पडला, परत जमला. घरातून बाहेर पडताना गळती मागं ठेवून जायचं, हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

शेवटी पान्याची पिशवीच त्यांनी उचलली, घरात नेऊन कपाटात ठेवली आणि किल्ली लावली. कुंपणाशी शिक्षिकाबाई दाण्यांचा डबा घ्यायला आल्या होत्या. काकांनी डबा दिला, अंड्यांची टोपली दिली, आणि घसा साफ केला.

"बाई, मधली एक टोची गळते आहे."

"बरं, मी आमच्या ह्यांना सांगून..."

"नको. गळू द्या."

बाईंनी त्यांना ताप वगैरे आहे का अशा नजरेनं पाहिलं. काका आणखी काही समजावणार होते, पण काकू पिशव्या घेऊन केव्हाच रस्त्याला लागल्या होत्या, आणि इतक्या झपाट्यानं, की कुरकुरत्या गुडघ्यांनी त्यांना गाठायचं तर काकांना आता पळावंच लागणार होतं.