गुणाजीमामा रॉमध्ये फोटो काढतो

घाटकोपरच्या भटवाडीत गुणाजी राऊळचा फोटो स्टुडिओ आहे, आणि तिथून कुणी सावळं बाहेर पडलं असेल तर शपथ! पस्तीस वर्षांत या माणसाने अख्खी गल्ली गोरी करून सोडली. आधी ब्रशने करायचा. डिजिटल कॅमेरा आल्यावर त्याने कॅमेऱ्यातच सेटिंग बसवून ठेवलं. चेहरा उजळ, कातडी गुळगुळीत. बटण दाबलं की कॅमेराच फोटो तयार करून जेपेगमध्ये देणार, गिऱ्हाईक खूश. त्याच्या फोटोंवर स्थळं जुळायची, अभिमान तरी किती त्याला!

अशा माणसाला त्याच्या सख्ख्या भाचीने, निधीने, लग्नाच्या आठ दिवस आधी येऊन सांगावं, "मामा, मला गोरी करायची नाही हं!"

निधी म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची, शकूची मुलगी. बोलायला फटकळ. "तू काढलेले माझे फोटो बघते ना, त्यात मी नाहीच रे. कोण ती पांढरी पोरगी? लग्नात तरी मला मी पाहिजे. रॉमध्ये काढ, कॅमेऱ्याने वर काही न करता जशी आहे तशी."

गुणाजीचं डोकंच फिरलं. रॉची फाइल ही एवढी मोठी, कार्ड भराभर भरणार, वर एकेक फोटो कॉम्प्युटरवर बसून तयार करायचा. "अगो, जेपेग म्हणजे तळून ताटात आलेली तुकडी. रॉ म्हणजे बाजारातून आणलेला मासा. साफ करा, मसाला लावा, तळा. कोण करत बसणार?"

"तू! तळलेल्या तुकडीचं परत कालवण होतं का?"

निधीने त्याच्या कॉम्प्युटरवर लागणारा प्रोग्राम टाकून दिला आणि मामाने कुरकुरत कॅमेरा रॉवर लावला.

लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये होतं. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा आणि फोटोग्राफरही मामाच, त्यामुळे डोक्याला फेटा, गळ्यात कॅमेरा. निघण्याआधी त्याने मुंडावळ्या बांधलेल्या निधीचा एक फोटो काढला आणि कौतुकाने मागच्या स्क्रीनवर दाखवला. निधीचा चेहरा खाडकन उतरला. स्क्रीनवर तीच पांढरी पोरगी!

"केलंसच ना शेवटी?"

"अगो, मी रॉच लावलेला..."

"मामा, मुलीला आणा!" बाहेरून भटजी ओरडले.

निधीने हात दिला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. पुढचं सगळं लग्न गुणाजीने फोटो काढले खरे, पण मनात एकच घोळत होतं. रॉ लावूनही गोरेपणा आत शिरला, पोरीच्या लग्नाची आपण वाट लावली. परत थोडंच लग्न लावता येणार? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भाची सासरी चालली म्हणून.

चार दिवस त्याने ते कार्ड उघडायची हिंमत केली नाही. पाचपरतावणाला निधी माहेरी आली, ती आईला घेऊन थेट स्टुडिओत.

"उघड."

"आधी जेवून घे गो."

"मामा, उघड!"

त्याने फोटो उघडला. पांढरी निधी. गुणाजीने डोळेच मिटले.

"मामा, बघ बघ बघ!"

फाइल पुरती उघडायला कॉम्प्युटरने जरा वेळ घेतला, आणि बघता बघता तो पांढरेपणा निघून गेला. खाली सावळी, हळदीने पिवळी, हनुवटीवर तीळ असलेली निधी हसत होती. आत्ता गुणाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा स्क्रीनवर दाखवत होता आणि कॉम्प्युटरवरही आधी दिसली, ती नुसती जुन्या सेटिंगची झलक. खरी फाइल आत जशीच्या तशी होती. गड्याने खुर्चीवरून उडीच मारली.

शकूने चष्मा लावला, जवळ जाऊन बघितलं. तिच्या लग्नाआधी स्थळांना पाठवायचा फोटो गुणाजीनेच केला होता, आणि तो इतका गोरा की सासरच्यांनी मांडवात विचारलं होतं, मुलगी बदललीत काय?

"दादा, ही माझ्यासारखी दिसता रे."

"तुझ्यासारखीच आसा ती."

"मग माझो असो फोटो तू कधीच कसो काढूक नाय?"

गुणाजीने कॅमेऱ्यातलं ते सेटिंग पुसून टाकलं, दिवे लावले आणि स्टूल पुढे ओढलं. शकू केस सारखे करत बसली.

"पावडर लावू काय रे?"

"नको!" मामा-भाची एकदम ओरडली.