फुटाचा इंच

माझ्या थोरल्या साडूंनी जगातली कुठलीही वस्तू तिच्या खऱ्या आकारात पाहिली असेल, असं मला वाटत नाही. माझ्या बायकोचे ते भाऊजी, म्हणून मीही त्यांना भाऊजीच म्हणतो. समोर काहीही आलं की भाऊजी त्याला मनातल्या मनात बाराने भागतात. फुटाचा इंच करायचा, एवढीच त्यांची रीत. आमच्या पालघरच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा सगळ्यांनी त्याचा रंग बघितला, बर्फाचा कप्पा उघडून बघितला. भाऊजींनी खिशातून टेप काढली, उंची मोजली आणि "साडेपाच इंच. तुमच्या स्वयंपाकघराला जरा उंच होतोय," असा निर्वाळा दिला.

हे वेड त्यांना निवृत्तीनंतर जडलं. उभा जन्म त्यांनी बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजून पास-नापास करण्यात घालवला. घरी बसल्यावर नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा ते ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, पोळ्यांकडे वळणार अशी चिन्हं दिसू लागली. तेवढ्यात त्यांच्या भाचीने इंग्लंडहून एक पाकीट आणून दिलं. आत राखाडी धातूचे चौदा तुकडे. आम्हाला वाटलं, खेळणं प्रवासात मोडलं. पण ते बाहुलीघरातल्या, फुटाला इंच या मापाच्या शेगडीचं किट होतं. या धातूला व्हाइट मेटल म्हणतात. नावाने पांढरा, दिसायला राखाडी आणि इतका मऊ, की पातळ तुकडा बोटांनीही वाकतो. भाऊजींनी एकेक तुकडा कानशीने घासला, साबणाने धुतला, चिकटवला, आधी अस्तराचा आणि मग काळ्या रंगाचा हात दिला. आठवड्याने तळहातावर मावेल अशी शेगडी तयार झाली आणि ताईच्या पोळ्या वाचल्या.

तेव्हापासून भाऊजी किटं मागवत राहिले. ती सगळी विलायती. कोळशाची बादली, छत्र्यांचं उभं भांडं, असलं काहीबाही. भाऊजींना ते मंजूर नव्हतं. त्यांनी कोळशाच्या बादलीला तांब्याचा रंग देऊन तिचं घंगाळ केलं आणि छत्र्यांच्या भांड्याला निळा रंग देऊन पाण्याचं पिंप. घरात थिनरचा वास कायमचा मुक्कामाला आला. ताई म्हणायची, "बोईसरच्या हवेत वासांची काय कमी होती, म्हणून यांनी घरातही कारखाना काढला!"

रंगासाठी तर भाऊजी कुठेही थांबत. एकदा त्यांना खेळण्यातल्या ताटात पापलेट ठेवायचं होतं. सातपाटीची एक मासेवाली आमच्या पालघरच्या बाजारात बसते. तिच्या टोपलीसमोर भाऊजी भिंग घेऊन उकिडवे बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी ती बाई म्हणाली, "काका, घ्यायचा हाय का नुसता बगायचा हाय?"

"हा करडा आहे की चंदेरी, ते ठरत नाहीये," भाऊजी म्हणाले.

"ताजा हाय! आनखी काय ठरवायचा हाय?"

शेवटी मी लाजेकाजेस्तव दोन पापलेटं घेतली. भाऊजींनी त्यांतलं एक रंग जुळेपर्यंत कापू दिलं नाही.

एकदा त्यांच्या अंगठ्याला वाटाण्याएवढी किटली चिकटली. या कामाचा डिंक क्षणात पकडतो. शेजारी सत्यनारायण होता, उशीर होत होता, म्हणून भाऊजी तसेच गेले. तीर्थासाठी हात पुढे केला तेव्हा भटजींनी विचारलं, "हे काय?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "किटली." भटजींनी पळीभर तीर्थ दिलं, त्यातलं थोडं किटलीवरही पडलं.

आणि तो कपाटाच्या मुठीचा प्रसंग. मोहरीपेक्षा लहान मूठ हातातून निसटली. दोन दिवस घरात केर काढायला बंदी. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, "तुम्ही रविवारी येऊन गेलात ना? चप्पल उलटी करून बघा." मी बघितली. मूठ तळाच्या खाचेत बसली होती. "हलवू नका, मी येतो," असं म्हणून ते खरोखरच तासाभरात चिमटा घेऊन पालघरला हजर झाले.

गेल्या वर्षी भाऊजींनी शिवणयंत्राचं किट मागवलं. पायाने चालवायचं जुनं यंत्र. ताईने बोईसरच्या बायकांचे ब्लाउज शिवण्यात वीस-बावीस वर्षं काढली होती, ती तसल्याच यंत्रावर. पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा तिने ते एका ओळखीच्या मुलीला देऊन टाकलं. भाऊजींचं म्हणणं, तसंच हुबेहूब करायचं. जोडणी झाली, काळा रंग झाला. उरल्या त्या सोनेरी रेघा, केसाएवढ्या. आणि तिथे भाऊजींचा हात थरथरला.

"थंडी आहे," ते म्हणाले. मे महिना होता.

तीनदा रेघ मारली, तीनदा पुसली. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, पण वयाचा कंप आहे, जाणार नाही. दुसऱ्याच दिवशी भाऊजी एक खोका घेऊन माझ्याकडे आले. आत कानशी, कुंचले, भिंग, रंगाच्या बाटल्या, ते अर्धवट यंत्र. "तुमच्याकडे राहू द्या. घरात अडगळ होते," एवढंच म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन. "हे वेळेवर जेवतात, पेपर वाचतात, माझ्याबरोबर टीव्ही बघतात. अगदी चारचौघांसारखे वागतात हो! मला भीती वाटायला लागलीय. तो खोका घेऊन या."

मी गेलो. खोका बघून भाऊजींनी तोंड फिरवलं. ताईने टेबल पुसलं, चष्मा लावला आणि सगळ्यात बारीक कुंचला उचलला.

"अगं, ते नाजूक काम आहे," भाऊजी दचकून म्हणाले.

"मग आजवर मी काय गोणपाट शिवत होते? रंग कुठला, तेवढं सांगा."

भाऊजींनी सांगितला. ताईने श्वास रोखला आणि रेघ ओढली. सरळ, एकसारखी. मग दुसरी. भाऊजी खुर्ची ओढून तिच्या खांद्याशी येऊन बसले. रेघा संपल्यावर ताईने यंत्राच्या अंगावर, चाकाच्या बाजूला, कुंचला टेकवला.

"तिथे काही नाहीये," भाऊजी म्हणाले. "किटच्या कागदावर बघ."

"किटच्या कागदाला काय माहीत? माझ्या मशीनवर इथे गुलाब होता. लाल. एक पाकळी घासून गेली होती."

तिने गुलाब काढला. एक पाकळी अर्धीच ठेवली. भाऊजींनी भिंग लावून तो खूप वेळ बघितला. "देठ जाड झाला," एवढं म्हणाले, पण पुसायला सांगितलं नाही. हल्ली ते दोघं मिळूनच किटं जोडतात. घासणं-धुणं भाऊजींकडे, रंग ताईकडे, भांडण समसमान.

त्या दिवशी भाऊजी मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आले. मी बसल्यावर म्हणाले, "वीस-बावीस वर्षं ते मशीन आमच्या घरात होतं हो. मी रोज त्याच्या बाजूला बसून चहा प्यायचो." मग रिक्षाच्या दांडीवर हात ठेवून म्हणाले, "तो गुलाब मी कधी बघितलाच नाही."