पाटलाने दाणे खाल्ले

परवा रविवारी आमच्या पाटलाने एकदाचे दाणे खाल्ले. पाटील म्हणजे परळीतल्या आमच्या घरातला ऑस्कर मासा... वीतभर लांब, काळा-नारिंगी, आणि तोंड कायम असं, की कुणीतरी मानपानात कमी केलंय. नाव नानांनी ठेवलेलं. नाना म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आता तीन महिने होतील.

नाना इथल्या थर्मल वीज केंद्रातून रिटायर झाले आणि काचेची टाकी, दोन ऑस्कर घेऊन आले. पाटील आणि पाटलीणबाई. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले. लोक ड्रममधल्या डासांच्या अळ्यांना वैतागतात, नाना मात्र परसात एक ड्रम मुद्दाम उघडा ठेवायचे.

रोज पाच वाजता चहाच्या जुन्या गाळणीने अळ्या काढायच्या आणि दोघांना भरवायच्या. मी म्हणायचो, डेंग्यू होईल. त्यावर त्यांचं ठरलेलं, "आपल्या ड्रममधला एक बी डास उडत न्हाई लेका. पाटील ठिवतोय कुठं?"

त्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं... काकांनी हात जोडून एकेक शब्द दिला. वहिनींना सांभाळू, पोरीचं लग्न थाटात करू, वरची खोली पूर्ण करू. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते.

शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "नाना, तुमचे मासे सांभाळतो." आणि एक कावळा खाली उतरला, भाताला चोच लावून गेला. योगायोग असेल. माझा यातल्या कशावर फारसा विश्वास नाही, पण शब्द दिला तो दिला.

पुढच्या पंधरा दिवसांत गल्लीत एकाला डेंग्यू झाला. नगरपालिकेची माणसं आली आणि नानांचा ड्रम पालथा करून गेली. त्यांचं काहीच चुकलं नाही.

मग मी पेलेटचा, म्हणजे माशांच्या विकतच्या दाण्यांचा डबा आणला. मोबाईलवर सगळे सांगत होते, अळ्या बंद करा, उपाशी ठेवा, मन घट्ट करा... भूक लागली की मासे निमूट दाणे खातात. पाटील दाणा तोंडात घ्यायचा, दोनदा चावल्यासारखं करायचा आणि थू करून बाहेर टाकायचा. लसणाच्या रसात भिजवून झालं, सुकटीच्या पाण्यात भिजवून झालं. पाटलीणबाई तर त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

मी हट्टाला पेटलो होतो. अठराव्या दिवशी सकाळी पाटलीणबाई तळाशी आडवी पडलेली दिसली. तिला परसात पुरताना लाज वाटली मला, नुसतं वाईट नाही... लाज.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. पाटील दाणे अजूनही थुंकत होता, पण दिवसेंदिवस तरतरीत दिसायला लागला. मला काही कळेना.

पंधरा-एक दिवसांनी मी दुकानातून लवकर घरी आलो. पाच वाजत आले होते. मागच्या दाराने आई आत येत होती... एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात नानांची गाळणी, पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. रुळापलीकडे एकांच्या गोठ्यात जनावरांचा हौद आहे, तिथल्या अळ्या काढायला ती रोज जात होती. गुडघे दुखतात म्हणून देवळात जायची बंद झालेली बाई.

मी चिडलो. अक्षरशः ओरडलो. "आई, तुझ्यामुळंच त्यो दाणे खाईना!"

"तू कावून उपाशी मारायलास त्याला? एक गेली तेवढं बास न्हाई व्हय?" तीही तेवढ्याच जोरात बोलली. मग खाली बसली, आणि आवाज एकदम उतरला. "पाच वाजले की काचंला तोंड लावून बसतंय रे ते. त्याला काय म्हाईत, ते गेलेत म्हनून... त्याला वाटतंय, येतील."

ही बाई वर्षानुवर्षं माशांना घाण म्हणत आली. टाकीजवळ जायची ती फक्त झाकणावर बसलेली थर्मलची राख पुसायला.

त्या दिवसापासून आम्ही तिच्या पद्धतीने घेतलं. अळ्या मीच आणायचो. तीच गाळणी, त्यात थोड्या अळ्या, थोडे भिजवलेले दाणे, आणि भरवायचं आईने. रोज अळ्या चिमूटभर कमी. पाटील आधी निवडून खायचा आणि दाणे थुंकायचा, मग घाईघाईत एखादा गिळायला लागला. तीन आठवडे असंच चाललं.

रविवारी गाळणीत अळी एकही नव्हती. आईने ती पाण्यात बुडवली. पाटील आला, थांबला, गाळणीकडे बघत राहिला... आणि एक दाणा ओढला. चावला. मी श्वास रोखून थुंकायची वाट बघत होतो, पण त्याने गिळला. मग दुसरा, तिसरा.

मी आनंदाने ओरडलो, मोबाईल काढला व्हिडिओसाठी. आईकडे कॅमेरा वळवला, तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात अजून पाण्यातच.

"कळलं बग त्यालाबी," ती म्हणाली. "आता न्हाई वाट बघायचं ते."

मी व्हिडिओ बंद केला. पोस्ट करायला म्हणून घेतला होता, पण डिलीट केला. त्या दिवशी घास गेला नाही मला.

तीन महिने आमच्या घरात एक जीव असा होता, ज्याच्या लेखी नाना अजून यायचे होते. तो आता दाणे खातो.