पणजीच्या मागावर घरमालकीणबाई

जर्मनीतला सगळा काटेकोरपणा एकाच माणसात भरायचा ठरला, तर तो आमच्या र्युसेल्सहाइमच्या घरमालकीणबाईंमध्ये सहज मावेल, वर थोडी जागाही उरेल आणि तिथे त्या आपला वेडेपणा ठेवतील. रविवारी आमच्या मिक्सरचा नुसता घुर्र आवाज झाला, तरी जिन्यातून "रूऽहे!" अशी शांततेची ताकीद यायची. मात्र त्याच रविवारी बाई स्वतः बागेत भर पावसात निखाऱ्यांवर लोखंडी भांडं ठेवून पाव भाजायच्या. धुरानं हैराण झालेले शेजारी आले की ठणकावून सांगायच्या, "हे संशोधन आहे."

संशोधन पणजीचं. विधवा झाल्यावर ही पणजी लहानग्या ग्रेटेला आपल्या आईकडे ठेवून अमेरिकेला गेली. तिथे दुसरं लग्न करून, वाटेत असाच निखाऱ्यांवर पाव भाजत, बैलगाडीनं नेब्रास्काच्या ओसाड माळावर पोचली, आणि मग तिचा ठावठिकाणाच लागला नाही. ग्रेटे म्हणजे बाईंची आजी. "आईनं मला टाकलं," असं ती म्हातारपणीही म्हणायची. ते खरं की खोटं, एवढंच सत्तरीतल्या बाईंना डोळे मिटायच्या आत कळायला हवं होतं.

मी भारतातला, म्हणजे बैलगाडीतला तज्ज्ञ, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "आल्झो, तर मग सांगा, बैल दिवसाला किती चालतो?" मी पुण्यात वाढलेला, गाड्यांचे गिअरबॉक्स आखणारा माणूस, बैल जवळून पाहिला तो पोळ्याला, तोही मातीचा. पण अब्रूचा प्रश्न होता. "ते रस्त्यावर अवलंबून आहे," मी ठोकून दिलं. बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. पुढच्याच शनिवारी पणजीच्या हालांचा अंदाज घ्यायला पिठाची पोती लादलेला हातगाडा माइन नदीच्या काठानं निघाला. ओढायला अर्थात मी. खिडकीतून बायको ओरडली, "अहो, शिंगं विसरलात!"

इंटरनेटवर वंशावळी शोधणाऱ्यांची एक साइट होती. तिथे बाईंच्या वतीनं पणजीची सगळी हकिकत मीच इंग्रजीत लिहिली. कित्येक महिने कुणी दखल घेतली नाही. मग एका दुपारी थेट नेब्रास्काहून फोन आला. बाईंचं इंग्रजी यथातथाच, म्हणून रिसीव्हर माझ्या हातात. बोलणारी बाई पणजीच्या तिकडच्या मुलाची नात होती.

"आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना म्हणतात," ती म्हणाली. "तिच्या शेवटी 'आणि ग्रेटेला सांभाळ' अशी ओळ आहे. पणजीनं घातलेली. आमची मुलं अजून म्हणतात. पण ही ग्रेटे कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

हे मी बाईंना जर्मनमध्ये सांगितलं. बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"सांगा तिला," त्या म्हणाल्या, "ती माझी आजी. देवानं तिला सांभाळलं. चांगली पिकल्या वयात, नातवंडांत गेली."

पलीकडची बाई रडत होती. मग तिनं विचारलं, "ती ओळ आता थांबवायची का?"

"नाइन!" बाईंचा हा जर्मन नकार इतका जोरदार होता की मला भाषांतर करावंच लागलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्या एकट्या नेब्रास्काला निघाल्या. या वयात एवढा लांबचा प्रवास कशाला, असं मी म्हटलं, तर माझ्याकडे न बघता कोटाची बटणं लावत म्हणाल्या, "आजीच्या वतीनं एकदा तरी कुणीतरी त्या जेवणाच्या टेबलाशी बसायला हवं ना."