तीन इंच आत घेतलेला ब्लाउज

मी पाच वेळची नमाज पढणारी बाई. भूत, भास... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ शिलाई मशीन चालू करायची. आज मीच लिहायला बसलेय.

सांगलीत विश्रामबागला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मालिकांमधली एक खूप गाजलेली नटी – नाव लिहीत नाही – मूळची कुंडल गावची. नाव व्हायच्या आधीपासून तिचे ब्लाउज माझ्याकडेच. साताऱ्याकडे शूटिंग असलं की स्वतः यायची. वय जेमतेम पस्तीस, पण किडनीचा आजार सात वर्षांचा. डायलिसिस चालू होतं. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. मला मात्र मापाची टेपच सांगायची. दर खेपेला माप कमी.

"भाभी, कुणाला बोलू नका," एवढंच म्हणायची.

गेल्या वर्षी तिचा मोरपंखी साडीवरचा ब्लाउज शिवून ठेवला होता. एके दिवशी सकाळी अकराला तिचा फोन.

"भाभी, त्यो ब्लाउज तीन इंच आत घ्या. आन् हात लांब करा, सुयांचे डाग दिसत्यात."

"तीन? अगं, एवढी वाळलीस?"

"लय," म्हणाली. आवाज नेहमीचाच. मी लगेच उसवायला घेतलं.

चार वाजता तिचा भाऊ दारात. डोळे सुजलेले.

"भाभी, ताई गेली. पहाटं, मुंबईत. अँब्युलन्स उंब्रजपाशी आलीय, मी पुढं आलो. त्याच मोरपंखी साडीत न्यायचंय... ब्लाउज झालाय का?"

"पण अकराला तिचा फोन आला होता—"

"आवं, कसं शक्य हाय? तिचा मोबाईल परवापासनं माझ्या खिशात हाय. बंद!"

मी माझा फोन पुढे केला. तिचंच नाव. अकरा वाजून दहा, चार मिनिटांचं बोलणं. खिशातला मोबाईल काढून त्याने टेबलावर ठेवला, आणि मग आम्ही दोघंही त्याला हात लावेना.

तीन इंच आत घेतलेला ब्लाउज घेऊन तो गेला. संध्याकाळी कुंडलहून त्याच्या बायकोने कळवलं, "भाभी, बरोब्बर बसला बघा."

नंतर त्याने तो मोबाईल चालू करून पाहिला. मला फोन केल्याची नोंदच नव्हती. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

एक मात्र मी त्याला सांगितलं नाही. घरातही कुणाला नाही. फोन ठेवताना ती म्हणाली होती, "भाभी, तुमचंबी माप एकदा घिऊन बघा."

तेव्हा मी हसले होते. आता दिवसभर दुसऱ्यांची मापं घेते... स्वतःला टेप लावायची हिंमत होत नाही. आणि गेल्या महिन्यापासून माझ्या बांगड्या सैल व्हायला लागल्यात.