सासू, जावई आणि मधला कुत्रा

लाल मातीचं पटांगण. डावीकडे पत्र्याचा दवाखाना, उजवीकडे पाण्याची टाकी, मागे नुसतं आभाळ. सकाळचं ऊन अंगावर घेत बायका भिंतीला टेकून बसलेल्या. दवाखान्याची रांग म्हणायची ती हीच. आणि मधोमध, टाकीकडे पाठ करून, फुलाफुलांच्या स्कर्टमधली विनिफ्रेड मावशी. वाळवंटातल्या या आदिवासी पिल्तारी वस्तीतल्या तीन पिढ्यांचे कान तिने याच दवाखान्यात धुतले, फोड फोडले, दंडांना सुया टोचल्या. रडणाऱ्या पोराला ती कधी गप्प करत नसे. आणखी मोठ्याने रड म्हणायची, म्हणजे बाहेर बसलेल्यांची करमणूक होते.

आज करमणुकीची जबाबदारी तिच्यावरच होती.

तिचा जावई क्लिफ्टन आठवड्यापूर्वी शहरातल्या तुरुंगातून सुटून आला होता. येताना साखरेचा आजार आणि टाचेला चिघळलेली जखम घेऊन आला. ती धुतली नाही तर पाय जाणार, हे त्याच्या लंगड्या चालीचं वर्णन लोकांकडून ऐकूनच मावशीने ओळखलं. लोकांकडून, कारण सासूने जावयाचं तोंड बघायचं नाही, जावयाने सासूसमोर यायचं नाही, आणि एकमेकांशी बोलणं तर सोडूनच द्या. पिल्तारीतलं मूल हे दात यायच्या आधी शिकतं.

मेगन नर्सला दात होते, पण ती शहरातून नवीन आलेली. तिने गोडीगुलाबीने क्लिफ्टनला पुढच्या दाराने थेट आत आणलं. मावशी घाईघाईने औषधांच्या कपाटामागे शिरली. पण कपाट अरुंद आणि मावशी ऐसपैस. स्कर्टचा काठ बाहेर राहिला. तो दिसताच क्लिफ्टन शरमेने असा पळाला की बोलायची सोय नाही. मेगनला रडू फुटलं. मावशीने तिची समजूत घातली, की निम्मी तपासणी तर झाली, पळता येतंय हे कळलं.

त्यानंतर तो फिरकेना. निरोप पाठवला की उत्तर यायचं, बरा आहे. म्हणून मावशी आज कुत्रा घेऊन बसली होती. टाकीपलीकडे आपल्या भावाच्या अंगणात क्लिफ्टन चुलीवर डब्यात चहा उकळत होता. तोही पाठ करून.

"सार्जंट," मावशीने कुत्र्याला हाक मारली, ती अख्ख्या वस्तीला ऐकू गेली. "कुणाची तरी टाच सडतेय रे. इथवर वास येतोय. मला आधी वाटलं, तूच काहीतरी खाऊन आलास."

बायका तोंड दाबून हसल्या. पलीकडे चहाच्या डब्यावर काठी आपटली.

"सार्जंट," क्लिफ्टन म्हणाला, "त्या दवाखान्याला एकच दार. आत कोण असतं ते तुला ठाऊक आहे. माणसाने शरमेने मरायचं का?"

मावशीने कुत्र्याला कळवलं, की मागेही एक दार आहे. त्यापुढची खोकी कालच हलवलीत. यापुढे ते पुरुषांचं. आणि दुपारभर काही म्हाताऱ्या पार लांब झाडाखाली झोपतात.

तरी तो हलेना. पलीकडून आवाज आला, पण खाली उतरलेला.

"पाय दाखवला की आजाऱ्यांचं विमान बोलावतील. पुन्हा शहरात नेऊन टाकतील. मी आत्ताच तिथून आलोय, सार्जंट. माझी पोरगी अजून मला बघून आईच्या मागे लपते."

ती पोरगी मावशीची नात. विमान येणारच नाही अशी थाप मारली असती तर तो लगेच आला असता. मावशीने कुत्र्याचा कान खाजवला.

"आज धुतलं तर विमान बहुतेक लागणार नाही. रविवारपर्यंत थांबला तर नक्की लागेल. आणि नेलंच, तर बायको-पोर त्याच विमानात बसतील. जागा नाही म्हणाले, तर मी पायलटच्या मांडीवर जाऊन बसेन. मग बघू कसं उडतंय ते."

दुपारी मागचं दार वाजलं. मावशी झाडाखाली पाठ करून, वर डोळेही मिटून बसली. मेगनने जखम धुतली, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. मग झाडापाशी येऊन सांगितलं, की हाडापर्यंत गेलेलं नाही, विमान नको, पण पट्टी रोज बदलायला हवी. मावशीने डोळे न उघडताच तिचा हात दाबला.

क्लिफ्टन निघाला तो पांढरी पट्टी लाल धुळीत घासत. चपला हातात, कारण त्या नव्या. मावशीने काही पाहिलं नाही, अर्थातच. बायकांनी पावलागणिक तिला सांगितलं.

तिने कुत्र्याला जवळ ओढलं आणि आवाज चढवला.

"सार्जंट, उद्या चपला पायात घालून यायला सांग त्याला. साखर त्याला झालीय, चपलांना नाही."